शीट तीन

शनिवारी रात्री नवाला खेळ
आणि माझ्याकडे अजून पान नाही.
जितेश म्हणाला, शोध, ढिगानं मिळतात.
मिळाली.
एक मोबाइलवर अर्धं कापलं जायचं,
एकाला दर महिन्याला डॉलर हवे होते,
एक इतकं देखणं, चारी कडांना वेलबुट्टी,
की लिहायला जागा उरली दोन बोटं.
आणि सगळ्यांत माणसं आधीच ठरलेली:
बुटके, लांबकाने, ड्रॅगनचे नातलग.
चोपड्याचं कुणी त्यात बसेना.

मग काट्यावर बसल्या बसल्या,
अडावद रस्त्यावरून केळीची गाडी वळेपर्यंत,
हिशोबाच्या फाइलमध्ये अधिकचं चिन्ह दाबलं.
पहिल्या शीटवर आवक, दुसऱ्यावर उधारी.
हे तिसरं माझं.

बळ. चपळाई. तग.
बुद्धी एका ओळीत, अक्कल दुसरीत.
या दोन वेगळ्या असतात
हे काट्यावर वर्षभर बसलं की कळतंच.
सहाव्या गुणाला शब्द सुचेना.
धुळ्याला निखतला विचारलं.
ती म्हणाली, माझी खाला नळावर आली
की भांडण थांबतं, तेच ते.
मी लिहिलं: छाप.

पुढचा रकाना अवघड.
जात लिहू? बोट की-बोर्डवर थांबलं.
कॉलेजचे सगळे फॉर्म आठवले.
वंश लिहू? वंश म्हटलं की लगेच दिवा येतो
आणि आम्ही तिघी बहिणी.
रकानाच काढून टाकला.
खालची ओळ आपोआप वर सरकली: मूळ गाव.
तिथं लिहिलं, सातपुड्यात कुठंतरी.
नाव: बाभूळ. काम: वाट दाखवणे.

आकडे मराठीत टाकले
आणि बेरीज शून्य आली.
यंत्राला ७ हा सात वाटतच नाही,
ते त्याला चित्र समजतं.
दोन गाड्या तोलून झाल्या, तिसरीचा ड्रायव्हर
हॉर्न वाजवून थकला,
तोवर मी हार मानली होती. इंग्रजी सात.
काट्यावरच्या लाल आकड्यांना तरी
कुठं मातृभाषा असते.

सामान: कंदील, वीस हात दोर,
तीन दिवसांच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा.
ठेच्याला नियम नाही, जितेश म्हणाला.
मग नियम कर, मी म्हटलं.
ओझ्याचं सूत्र मात्र मला कुणी शिकवायला नको.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
मधला फरक तो माल.
बाभूळला मी आधी रिकामी तोललं.
अशी मी स्वतःला कधी तोलली नव्हती.

नऊला वीज गेली. भिंती अजून तापलेल्या.
मोबाइलच्या नेटवर चौघांचे आवाज
तुटत तुटत एका पुलापाशी जमले.
पुलाखाली अस्वल.
पळायचं का, निखतनं विचारलं.
पळायचंच होतं, पण वाट मी दाखवलेली.
फासा पडला दोन.
तग तेवीसवरून चौदा,
आणि तो रकाना लाल झाला.
लाल करायचं सूत्र मीच लिहिलं होतं,
तरी दचकले.
तेवीस खोडवेना. खाली नवी ओळ घेतली:
वजा नऊ.

सोमवारी आण्णांनी फाइल उघडली.
चष्मा कपाळावर, बोट स्क्रीनवर.
"बाभूळ... तग तेवीस... वजा नऊ...
हाई कोनी गाडी शे वं, नयना?"

"मनी शे, आण्णा."

"नऊ कशाना कापात? माल ओला व्हता का?"

"नही. अस्वल."

आण्णा जरा वेळ गप्प.
बाहेर केळीची गाडी काट्यावर चढली,
खोलीतला पंखा थोडा हलला.
मग त्यांनी चष्मा नाकावर घेतला,
पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं
आणि विचारलं,
"मंग पावती फाडी का?"